दोनच्या आधी

सोहार बंदरामागे आमचं यार्ड.
माझं टेबल पोर्टाकेबिनमध्ये, एसीच्या थेट तोंडाशी,
म्हणून जूनमध्येही मी स्वेटर घालून टाईप करतो
आणि काचेबाहेर लोखंड इतकं तापतं
की दुपारी तीन तास त्याला कुणी हात लावायचा नाही असा कायदा आहे.

फॉर्मच्या डाव्या बाजूला इंग्रजी, उजवीकडे अरबी.
आकड्याचा रकाना मधे,
दोघांत मिळून एकच.

मंगळवारी विश्राम भुवड परांचीवरून पडला.
आम्ही टेप लावला: एक मीटर सत्त्याण्णव.
दोनच्या वर पट्टा बांधणं सक्तीचं,
दोनच्या खाली नाही.
राहिले तीन सेंटिमीटर.
माझी दोन बोटं शेजारी ठेवली तर भरतात.

कुरियनसाहेब म्हणाले, लिही,
ओन्ली जस्ट अंडर टू मीटर्स.
मी लिहिलं, आणि बघत बसलो.
एका आकड्याआधी तीन शब्द,
मेसच्या खिडकीपाशी ताटं घेऊन उभे असल्यासारखे,
आणि रांग मोडायची सोय नाही.
'अंडर' आकड्याला खेटून.
त्याच्या पाठीशी 'जस्ट', कमी म्हणजे कितीसं कमी ते सांगणारा.
सगळ्यात बाहेर 'ओन्ली'.
त्याचं मोजण्याशी काही देणंघेणं नाही,
टेपवर तो कुठे छापलेला नसतो,
तो बोलणाऱ्याच्या तोंडावर असतो.
एकदा उलटं करून पाहिलं:
अंडर जस्ट ओन्ली टू मीटर्स.
खाली निळी नागमोडी रेघ आली, समुद्रासारखी.

ओन्ली काढू का, विचारलं.
राहू दे, साहेब म्हणाले,
इन्शुरन्सवाल्यांना वाचायला बरं पडतं.

अरबी रकाना हिलाल भरतो.
तो उजवीकडून निघतो, मी डावीकडून,
आकड्यापाशी आमची गाठ पडते.
त्यानं पेन टेकवून विचारलं,
हा 'ओन्ली' कुणाचा? उंचीचा, की कंपनीचा?
मी म्हटलं, चहा घेणार?

रात्री कॅम्पात झोप येईना, मराठीत मोजत पडलो.
आमचे शब्द आकड्याला मागून चिकटतात.
दोन.
दोनएक.
दोनएकच.
आधी अंदाज, त्याच्या पलीकडे मन.
म्हणजे तीच रांग, आरशातली.
मन इथंही शेवटी, दाराबाहेर,
चपला काढतात तिथं.
पुढच्या बाजूलाही आम्ही जागा ठेवली आहे:
जेमतेम दोन, तब्बल दोन.
वरच्या बंकवरून धाकू म्हणाला,
चांगला दोन मीटर खाली आला ना तो.
यात चांगलं काय, असं मराठीत कुणी विचारत नाही.

शुक्रवारी इस्पितळात गेलो.
विश्रामच्या पायाला बाहेरून सळ्या ठोकल्यात,
सळ्यांमधली अंतरं अगदी सारखी,
बघून बरं वाटलं आणि मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं.
डॉक्टरांनी मला दारातच सांगितलं होतं,
अ‍ॅट लीस्ट अबाउट फोर मंथ्स.
मी मनात त्या शब्दांचीही रांग तपासली. बरोबर होती.

मुकादम, किती दिवस म्हणाले?
चारएक महिनेच, मी म्हटलं.

तो छताकडे बघत होता.
परांची बांधणाऱ्याला छताची उंची नजरेनं कळते.
त्यातलं 'एक' काढून सांग, म्हणाला.

मी काढून पाहिलं.
चारच महिने, एवढं उरलं.
त्याला ते पुरलं असावं, त्यानं डोळे मिटले.

'च' माझा होता.
डॉक्टर म्हणाले होते, निदान.